जुन्या लेखांचें संपादन आणि ग्रंथस्वामित्व

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छापलेलें एखादें मराठी पुस्तक हातीं घेतलें, तर त्याच्या मुखपृष्ठावर किंवा पाठीमागील पानावर एक ठराविक मजकूर बहुधा आढळतो. पुस्तक सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणें नोंदविलें असून त्यासंबंधींचे सर्व हक्क कर्त्यानें अगर प्रकाशकानें आपणाकडे ठेविले आहेत, असा त्याचा आशय असतो. पुस्तक कादंबरीचें किंवा नाटकाचें असेल तर ह्याचा अर्थ समजण्यास अडचण पडत नाहीं. ज्यानें लिहिलें त्याचा हक्क, इतकें सरळ आहे. परंतु तोच मजकूर एखाद्या बखरीच्या, जुन्या पत्रांच्या संग्रहाच्या किंवा पोथीवरून छापलेल्या संस्कृत ग्रंथाच्या आरंभीं आला म्हणजे वाचक क्षणभर थबकतो. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, त्याला तीनशें वर्षें होऊन गेलीं. तिच्यावर हक्क कोणाचा? लिहिणाराचा म्हणावा, तर तो केव्हांच निवर्तला. छापणाराचा म्हणावा, तर त्यानें ती लिहिलेली नाहीं. मग "सर्व हक्क" म्हणून जे राखून ठेविले जातात, ते नेमके कशावरचे?

हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असें समजून इतिहाससंशोधक तो सहसा सोडून देतात. परंतु आपल्या धंद्यांतील नित्याच्या तक्रारी ह्याच प्रश्नाच्या पोटीं जन्मतात. एकानें वर्षानुवर्षें दप्तरें चाळून कागद काढावे, ते वाचावे, त्यांचे काल ठरवावे, आणि दुसऱ्यानें ते अलगद उचलून आपल्या पुस्तकांत घालावे, असें घडलें म्हणजे पहिल्याचा जीव तळमळतो व तो कायद्याकडे पाहतो. कायदा त्याच्या श्रमांपैकीं कशास आसरा देतो, कशास देत नाहीं, व न देण्यांत कांहीं न्याय आहे किंवा काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२

आपल्या देशांतील ह्या विषयाचा पहिला कायदा कंपनी सरकारच्या अमदानींतील, म्हणजे १८४७ चा विसावा आक्ट होय. विद्येस उत्तेजन देणें हा हेतु त्याच्या नांवांतच सांगितलेला आहे. ग्रंथकाराची हयात व तीपुढें सात वर्षें, किंवा प्रथम प्रकाशनापासून बेचाळीस वर्षें, ह्यांपैकीं जी मुदत लांब पडेल ती स्वामित्वाची, असा त्याचा नियम होता. मुखपृष्ठांवर ज्याचा उल्लेख येतो तो १८६७ चा आक्ट मुख्यतः छापखान्यांच्या नियमनाचा व छापलेल्या पुस्तकांच्या नोंदणीचा होता. त्यान्वयें पुस्तकांच्या प्रती सरकारांत दाखल होत आणि दर तिमाहीस त्यांच्या याद्या सरकारी ग्याझेटांत छापल्या जात. ह्या याद्या आज मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासाचें एक उत्तम साधन होऊन बसल्या आहेत. तो आक्ट २०२३ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला.

पुढें १९११ चा विलायती कायदा कांहीं फेरफारांसह १९१४ च्या आक्टानें इकडे लागू झाला. त्यामुळें दोन मोठे बदल झाले. हक्क उत्पन्न होण्यास नोंदणीची गरज उरली नाहीं, कृति निर्माण झाली कीं हक्क आपोआप येऊं लागला. आणि मुदत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत लांबली. भाषांतराच्या बाबतींत मात्र ह्या आक्टानें आपल्या लोकांस एक सवलत ठेविली होती. मूळ पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून दहा वर्षांत कर्त्यानें एखाद्या भाषेंत त्याचें भाषांतर स्वतः केलें नाहीं किंवा करविलें नाहीं, तर त्या भाषेपुरता त्याचा भाषांतराचा हक्क संपत असे. १९५७ सालीं स्वतंत्र भारताचा स्वतःचा कायदा झाला व तो १९५८ च्या जानेवारींत अंमलांत आला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांची मुदत संपण्याच्या सुमारास, १९९२ सालीं, पन्नास वर्षांचीं साठ वर्षें करण्यांत आलीं.

ह्या हिशेबानें पाहतां, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तले. त्यामुळें त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क १९७६ च्या अखेरीस संपला. १८९८ सालीं निघालेल्या "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" ह्याच्या पहिल्या खंडास राजवाड्यांनीं जोडलेली प्रस्तावना आज कोणासहि छापतां येते. परंतु त्याच खंडांतील पत्रें? तीं १९७६ पूर्वीं तरी राजवाड्यांचीं होतीं काय?

चालू कायद्यांत संरक्षणास पात्र असलेल्या वस्तूंची यादी आंखीव आहे. मौलिक असे वाङ्मयीन, नाट्यविषयक, सांगीतिक व कलात्मक लेख वा कृती, चलच्चित्रपट आणि ध्वनिमुद्रणें. ह्या कायद्याबाहेर ग्रंथस्वामित्व म्हणून कांहीं नाहीं, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलेलें आहे. नकाशा व छायाचित्र हीं कलात्मक कृतींत येतात, सूचि व कोष्टकें वाङ्मयीन कृतींत येऊं शकतात. परंतु सर्वांच्या मागें "मौलिक" हें विशेषण उभें आहे. जुन्या लेखांच्या संपादकाची सारी अडचण ह्या एका शब्दांत आहे.

३

ह्या अडचणीचा निवाडा मुंबईच्या न्यायालयापुढें फार लवकर आला. व्रतराज हा व्रतोपासनेवरील प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ विश्वनाथ नामक पंडितानें अठराव्या शतकांत रचिलेला. मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याचे गंगाविष्णु श्रीकृष्णदास ह्यांनीं त्याची नवी सटीप आवृत्ति १८८४ सालीं काढली. तिजसाठीं त्यांनीं पंडित लावून ग्रंथाची मांडणी नव्यानें करविली, त्याच विषयावरील दुसऱ्या जुन्या ग्रंथांतून योग्य ते उतारे घेऊन ठिकठिकाणीं घालविले व तळटीपा दिल्या. पुढें मोरेश्वर बापूजी हेगिष्टे ह्यांच्याकडून व्रतराजाची दुसरी आवृत्ति निघाली. तींत मूळ तेंच होतें, भर घातलेले उतारे तेच होते, टीपाहि त्याच होत्या, आणि त्या त्याच त्याच जागीं होत्या. मधून मधून किरकोळ फरक तेवढे केलेले होते. प्रकरण न्यायालयांत गेलें.

१८८९ चा त्यावरील निर्णय गंगाविष्णूंच्या बाजूनें झाला. सामग्री जुनी असली तरी तिची रचना नवी आहे, व त्या रचनेमुळें ती आवृत्ति संरक्षणास पात्र ठरते. प्रतिवादीनें स्वतंत्रपणें मूळ साधनांकडे न जातां वादीचें तयार काम उचललें, म्हणून त्यास मनाई करावी, असा त्याचा मथितार्थ. येथें दोन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, व्रतराज छापूं नये असें कोणी प्रतिवादीस सांगितलें नाहीं. पोथ्या सर्वांस मोकळ्या होत्या. त्यानें त्या मिळवून, पंडित लावून, आपली आवृत्ति काढली असती तर ती गंगाविष्णूंच्या आवृत्तीशीं कितीहि जुळती आली तरी दोष नव्हता. दुसरी गोष्ट पुराव्याची. ग्रंथ एकच असल्यामुळें मूळ जुळलें ह्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. संपादकानें स्वतःच्या मर्जीनें जें जें घातलें, तें तें त्याच त्याच जागीं सांपडलें, तेव्हां चोरी उघडी पडली.

पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्यांस हा तर्क ओळखीचा वाटेल. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असले तर त्यांवरून त्यांचें नातें ठरत नाहीं, कारण शुद्ध पाठ दोघींकडे मूळापासूनच आलेला असूं शकतो. त्यांतील समान चुका व समान प्रक्षेप नातें सांगतात. न्यायाधीश व पाठचिकित्सक दोघेहि एकाच खुणेवर विसंबतात, व ती खूण म्हणजे माणसाच्या हाताचा डाग होय.

४

ह्याच्या उलट वाटणारा एक निर्णय पुढें प्रिव्ही कौन्सिलानें दिला, आणि तोहि मुंबईहून गेलेल्या दाव्यांतच. प्लुटार्काच्या अलेक्झांडरचरित्राचें सर टॉमस नॉर्थ ह्यानें १५७९ सालीं केलेलें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध आहे. म्याक्मिलन कंपनीनें त्यांतून वेंचे निवडून, ते जोडण्यास कोठें कोठें चार शब्द घालून, टीपा व प्रस्तावना देऊन, १९१८ सालीं शाळांसाठीं पुस्तक काढलें. मूळ भाषांतर सुमारें चाळीस हजार शब्दांचें, तर हें वीस हजारांचें. लगोलग कूपर ह्या मुंबईच्या प्रकाशकांनीं तसेंच एक पुस्तक विद्यार्थ्यांसाठीं काढलें व त्यांतील वेंचे बहुतांशीं तेच होते. हें भांडण मुंबईच्या उच्च न्यायालयांतून प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलें. तेथें डिसेंबर १९२३ मध्यें निकाल लागला, तो असा: वेंच्यांवर म्याक्मिलनांचा हक्क नाहीं, टीपांवर मात्र आहे, आणि टीपा उचलण्यापुरता कूपर ह्यांचा दोष आहे.

ह्या निर्णयांतील तत्त्व आपल्या कामाचें आहे. श्रम, कौशल्य व पैसा खर्च झाला एवढ्यानें हक्क येत नाहीं. त्या खर्चानें कच्च्या मालांत नसलेला असा कांहीं गुण तयार वस्तूंत उतरला पाहिजे, व त्या गुणानें ती कच्च्या मालाहून निराळी ओळखतां आली पाहिजे. नॉर्थच्या पुस्तकांतील कांहीं भाग गाळून उरलेला भाग जसाच्या तसा ठेवला, तर असा नवा गुण येत नाहीं. एखाद्यानें संपूर्ण चरित्र वाचून, पचवून, आपल्या शब्दांत त्याचा संक्षेप केला असता तर ती गोष्ट वेगळी होती.

दोन्ही निर्णय शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे विरोध उरत नाहीं. व्रतराजांत पंडितांनीं जुन्याची मांडणी मोडून नवी केली होती व बाहेरून भर घातली होती. प्लुटार्काच्या वेंच्यांत केवळ वजाबाकी झाली होती. संपादकानें मूळावर काय चढविलें, हाच उभयत्र कसोटीचा प्रश्न होता.

५

आतां कच्च्या मालाकडेच वळूं. इतिहासकाराचा कच्चा माल म्हणजे घडलेल्या गोष्टी. आणि गोष्टींवर कोणाचेंहि स्वामित्व नाहीं, हें कायद्याचें अगदीं पक्कें तत्त्व आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तें १९७८ सालीं एका नाटकाच्या व चित्रपटाच्या भांडणांत विस्तारानें मांडलें. "हम हिंदुस्थानी" ह्या नाटकावरून "न्यू दिल्ली" हा चित्रपट चोरला, अशी नाटककार आर. जी. आनंद ह्यांची तक्रार होती. प्रांताप्रांतांतील दुजाभावाचा विषय दोहोंत होता. न्यायालयानें तक्रार फेटाळली. कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा दंतकथेंतील गोष्टी ह्यांवर स्वामित्व नसतें. त्या ज्या रूपानें, ज्या मांडणीनें व ज्या शब्दांनीं प्रकट होतात त्या रूपावर तें असतें, असें न्यायालयानें म्हटलें.

ह्या तत्त्वाची किंमत समजण्यास आपल्याच इतिहासांतील उदाहरण घ्यावें. शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीविषयीं बखरींतील शक निरनिराळे आहेत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्धीस आणली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि आली व वादाचें स्वरूपच पालटलें. ती शकावली जेधे देशमुखांच्या घरीं पिढ्यानुपिढ्या जपून राहिली, मग ती योग्य हातीं गेली, तिचें महत्त्व ओळखलें गेलें व ती छापली गेली. ह्या सर्व साखळींत कष्ट आहेत, भाग्य आहे व दृष्टि आहे. तरी पण ती तिथि जेध्यांची झाली नाहीं व टिळकांचीहि झाली नाहीं. ज्या दिवशीं ती छापली गेली त्या दिवशीं ती महाराष्ट्रांतल्या प्रत्येक शाळामास्तराची झाली. ती वापरण्यास कोणाची परवानगी मागावी लागती, तर त्यानंतर कोणी शिवचरित्र निर्धास्तपणें लिहूं शकला नसता.

परंतु येथेंच संशोधकाचें खरें दुःख आहे. पेशवाईंतील पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असतो, साल नसतें. संपादक पत्रांतील माणसें, मुक्काम, मोहिमा, कोणाच्या मरणाचा वा लग्नाचा उल्लेख अशा खुणा जुळवीत बसतो, जंत्री पाहतो, दुसऱ्या दहा पत्रांशीं ताडून घेतो, आणि अखेर कपाळावर दोन अंक लिहितो. हा त्याच्या विद्वत्तेचा कळस. पण ते दोन अंक म्हणजे एक वस्तुस्थिति. ते बरोबर असतील तर कायद्याच्या दृष्टीनें ते कोणाचेच नाहींत. उलटपक्षीं त्याच पत्रसंग्रहास जोडलेली चार पानांची सुबोध प्रस्तावना, जी एका संध्याकाळींहि लिहितां येईल, ती कर्त्याच्या मृत्यूनंतरहि साठ वर्षें सुरक्षित राहते. ज्या भागाला सर्वांत अधिक कष्ट पडले तोच सर्वांत निराधार, अशी ही उलटी वांटणी आहे.

६

जुन्या पत्रांच्या बाबतींत आणखी एक घोटाळा नेहमीं होतो. ज्याच्या घरीं दप्तर तो त्याचा मालक, म्हणून छापण्याचा हक्कहि त्याचाच, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु कागद व कागदावरील शब्द ह्यांचीं स्वामित्वें कायदा निराळीं मानतो. इंग्लंडांत अलेक्झांडर पोप ह्या कवीनें एडमंड कर्ल ह्या पुस्तकविक्यावर ह्याच मुद्द्यावर फिर्याद केली होती. कर्लनें पोपचीं व स्विफ्टचीं पत्रें परस्पर छापलीं होतीं. १७४१ सालीं लॉर्ड हार्डविक ह्यांनीं ठरविलें कीं, पत्र ज्यास पाठविलें त्याची मालकी कागदापुरती. तें जगापुढें छापण्याची परवानगी त्यास पत्राबरोबर मिळत नाहीं, तो हक्क लिहिणाराकडेच राहतो. त्यामुळें पोपला आपलीं स्वतः लिहिलेलीं पत्रें अडवितां आलीं, स्विफ्टनें त्यास लिहिलेलीं मात्र अडवितां आलीं नाहींत.

ह्याचा अर्थ, दप्तर बाळगणारा दार लावून बसूं शकतो, पण दार एकदां उघडून मजकूर बाहेर आला म्हणजे केवळ कागदाच्या मालकीच्या जोरावर त्यास इतरांची लेखणी थांबवितां येत नाहीं. लिहिणाराचा हक्क असेल तर त्याचा वा त्याच्या वारसांचा विचार करावा लागतो. त्यासाठींहि चालू कायद्यांत संशोधकास एक वाट मोकळी आहे. सार्वजनिक प्रवेश असलेल्या ग्रंथालयांत, संग्रहालयांत किंवा अन्य संस्थेंत ठेविलेलें अप्रकाशित लेखन संशोधनाकरितां वा प्रकाशनाच्या हेतूनें उतरून घेतां येतें; लेखक कोण हें माहीत असेल तर मात्र त्याच्या मृत्यूला साठांहून अधिक वर्षें झालेलीं असलीं पाहिजेत. पेशवाईंतील मुत्सद्दी, कारकून व सरदार ह्यांच्या पत्रांस ही अट कधींच पुरी झालेली आहे. विसाव्या शतकांतील पुढाऱ्यांचीं व लेखकांचीं पत्रें छापतांना मात्र संपादकानें ह्या अटीकडे काणाडोळा करूं नये.

७

राहतां राहिला वाचनाचा प्रश्न. मोडी कागद बालबोधींत उतरविला, तर त्या उताऱ्यावर उतरविणाराचा हक्क येतो काय? हा केवळ लिपीचा पालट असून त्यांत नवें कांहीं नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांनीं मोडी वाचली आहे त्यांस हें पटणार नाहीं. मोडींत रेघ आधीं ओढलेली, शब्द एकमेकांस लागलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, विरामचिन्हें नाहींत. शब्द कोठें तोडावा हें ठरवितांनाच अर्थ ठरतो. हें यंत्राचें काम नव्हे, त्यांत जागोजाग विवेक आहे.

विलायतेंत १९०० सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें लॉर्ड रोझबेरीच्या भाषणांचे वृत्तांत लघुलिपीनें टिपणाऱ्या "टाइम्स" पत्राच्या बातमीदारांस त्या वृत्तांतांचे कर्ते मानलें होतें. भाषण दुसऱ्याचें, शब्द दुसऱ्याचे, पण टिपणाराचें कौशल्य त्याचें स्वतःचें. तथापि त्या वेळच्या कायद्यांत "मौलिक" हा शब्द नव्हता. आपल्याकडे अलीकडचा महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००७ चा आहे. ईस्टर्न बुक कंपनी आपल्या नियतकालिकांत न्यायनिर्णय संपादून छापीत असे व ते तसेच दुसऱ्यांनीं संगणकाच्या तबकड्यांवर घेतले, अशी तिची तक्रार होती. न्यायालयानें ठरविलें कीं न्यायनिर्णय सर्वांचे आहेत. मुद्रणदोष काढणें, विरामचिन्हें घालणें, संदर्भ पुरे करणें ह्यांनीं हक्क येत नाहीं. केवळ घाम गाळणें पुरेसें नाहीं, कौशल्य व विवेक लागतो आणि थोडी तरी निर्मिति लागते. परंतु अखंड निर्णयाचे परिच्छेद पाडून त्यांस क्रमांक देणें, कोणत्या न्यायाधीशाचें मत अनुकूल व कोणाचें प्रतिकूल हें दर्शविणें, ह्यास विषय समजावा लागतो, म्हणून तेवढा भाग संरक्षणास पात्र होय.

ही रेषा मोडीवाचनास लावली तर माझ्या मतें असें म्हणावें लागेल: अक्षरास अक्षर लावण्यास हक्क नाहीं, वाक्यें पाडणें, परिच्छेद पाडणें, मथळे व गोषवारे देणें ह्यांस तो असूं शकेल.

पण फाटक्या कागदांतील गळालेलीं अक्षरें संपादकानें तर्कानें भरलीं असतील तर? ह्या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला खटला इस्राएलांतला. मृतसमुद्राजवळील कुमरानच्या गुहांत सांपडलेल्या गुंडाळ्यांपैकीं सहा हस्तलिखितांचे तुकडे जुळवून एलिशा किमरोन ह्या पंडितानें १२१ ओळींचा एक लेख पुन्हां उभा केला व त्यांतील खिंडारें आपल्या तर्कानें भरलीं. त्यावर त्याचीं अनेक वर्षें गेलीं. त्यानें तो प्रसिद्ध करण्यापूर्वींच १९९१ सालीं अमेरिकेंत एका छायाचित्रसंग्रहांत तो छापला गेला, आणि तोहि किमरोनच्या नांवावांचून. जेरुसलेमच्या न्यायालयानें १९९३ सालीं व तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं किमरोनच्या बाजूनें निकाल दिला. तुकड्यांची मांडणी, वाचन व पूर्ति मिळून एक मौलिक कृति होते, असें त्यांनीं मानलें.

किमरोनला न्याय मिळाला ह्याचें कोणासहि समाधान वाटेल. पण ह्या निर्णयाविरुद्ध विद्वानांनीं घेतलेला आक्षेप उत्तर देण्यास कठीण आहे. किमरोनची पूर्ति बरोबर असेल तर ते शब्द दोन हजार वर्षांपूर्वींच्या मूळ लेखकाचे आहेत, किमरोनचे नाहींत. ते किमरोनचे असतील तर पूर्ति चुकलेली आहे. संपादक जितका यशस्वी, तितका तो आपल्या कृतींतून नाहींसा होतो. आणि संपादकास तर हेंच साधावयाचें असतें! "हा पाठ माझा आहे" व "हा पाठ खरा आहे" हीं दोन विधानें एका तोंडानें करतां येत नाहींत. जो आपल्या वाचनावर मालकी सांगतो, तो त्या वाचनाविषयीं शंका घेण्यास जागा करून देतो.

८

तेव्हां मुखपृष्ठावरील त्या मजकुराचा अर्थ आतां लावतां येतो. जुन्या लेखांच्या संग्रहावर संपादकास जे हक्क राखून ठेवतां येतात ते प्रस्तावनेवर, टीपांवर, गोषवाऱ्यांवर, स्वतः केलेल्या निवडीच्या व रचनेच्या नव्या गुणावर, आणि स्वतः काढलेल्या नकाशावर. मूळ लेखावर, त्यांतून निघणाऱ्या गोष्टींवर, शोधून काढलेल्या तिथीवर व लावलेल्या सालावर ते चालत नाहींत. आणि चालूं नयेत, असेंच मी म्हणतों. ज्या विद्येचें सारें वैभव एकानें शोधलेल्यावर दुसऱ्यानें पुढें रचण्यांत आहे, तींत प्रत्येक पायरीवर जकातनाका बसला तर वाटच बंद होईल. १८४७ च्या आक्टानें विद्येस उत्तेजन देण्याचा हेतु सांगितला होता. तो मोकळ्या वाटेनेंच साधतो.

मग कष्टाळू संशोधकानें कशावर विसंबावें? एकाच गोष्टीवर, व ती म्हणजे ऋणनिर्देश. त्यास आपण सामान्यतः सौजन्य समजतों, म्हणून तो करण्यांत हयगय होते. तो सौजन्याहून अधिक आहे. एका संपादकानें पत्राचें साल चुकीचें लावलें व पुढच्या पांच लेखकांनीं तें नांव न घेतां उचललें, तर वाचकास पांच साक्षीदार दिसतात. वस्तुतः साक्षीदार एकच असतो, आणि तो चुकलेला असतो. प्रत्येकानें पहिल्याचें नांव घेतलें असतें तर चूक एका जागीं पकडतां आली असती. नांव गाळणें हा शोधकाचा अपराध तर आहेच, पण त्याहून अधिक तो पुराव्याचा अपराध आहे. चुकीचा माग काढण्याची दोरीच त्यानें तुटते.

ह्यास्तव संपादकांस व त्यांच्या संग्रहांचा उपयोग करणारांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. संपादकानें आपण भरलेलीं अक्षरें चौकटी कंसांत ठेवावीं व लावलेलें साल आपण लावलें आहे, मूळांत नाहीं, हें त्या त्या ठिकाणीं सांगावें. म्हणजे मूळाची व आपल्या हाताची हद्द वाचकास दिसते, आणि व्रतराजाच्या खटल्याप्रमाणें चोरी झालीच तर डागहि ओळखूं येतो. कागद कोणाकडील, प्रत कोणती, हें न चुकतां नोंदावें. साधेल तेथें मूळाचें छायाचित्र द्यावें. उपयोग करणारानें होतां होईल तों मूळ कागदाकडे जावें. आणि मूळ पाहिलें तरी तें कोणी दाखविलें त्याचें नांव घ्यावें. मूळ न पाहतां घेतलें असेल, तर तसें कबूल करावें.

कायदा रूपाचें रक्षण करतो; वस्तूचें रक्षण तो करूं शकत नाहीं व त्यानें तें करूंहि नये. वस्तु शोधून काढणाराचें रक्षण त्याच्या सहकाऱ्यांच्या लेखणींतच आहे. ती लेखणी प्रामाणिक राहिली तर सर्व हक्क राखून ठेवण्याच्या मजकुराची फारशी गरज पडणार नाहीं. ती अप्रामाणिक झाली तर त्या मजकुरानें कांहीं वाचणार नाहीं. असो.